मे महिन्यात जुन्या बार्जला आतून सुटणारा घाम

थंड देशांतल्या कालव्यांत आणि नद्यांत जुन्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, लोक घर करून राहतात. ऊन चढू लागलं, की त्यांचं लक्ष आधी डेकच्या रंगाकडे जातं. डेक समोर दिसतो आणि उघड्यावर काम करायला बरंही वाटतं. पण मे महिन्यात पहिला हात तळाला लावावा, असं माझं ठाम मत आहे. शंभरेक वर्षं जुन्या लोखंडी किंवा पोलादी बार्जला बाहेरून डांबर असतं, अ‍ॅनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) असतात आणि दोन-तीन वर्षांनी ती गोदीत चढली की चार लोक तिच्याकडे बघतात. आतल्या बाजूला, जमिनीच्या फळ्यांखाली, वर्षानुवर्षं कोणी डोकावत नाही. आणि नेमकं उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे पाणी साचायला लागतं.

याचं कारण साधं आहे. मे-जूनमध्ये हवा पटकन तापते, कालव्याचं किंवा नदीचं पाणी मात्र मागे राहतं. हवा २४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, १६ अंशांच्या आसपास येतो. पाणी १३ अंशांवर असेल तर पाण्याखालचा पत्राही जवळपास तेवढाच गार असतो. म्हणजे सुंदर उबदार दिवशी आपण हॅच, म्हणजे डेकमधलं झाकण, सताड उघडतो, दमट हवा आत शिरते आणि फळ्यांखालच्या गार पत्र्यावर जाऊन तिचं पाणी होतं. हिवाळाभर कोरडा राहिलेला कप्पा मेच्या अखेरीस ओला सापडतो आणि माणूस गळती शोधत बसतो.

घाम आणि गळती यांतला फरक नीट बघितलं तर डोळ्यांना कळतो. एक फळी उचला, टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. घाम असेल तर पाण्याच्या रेषेखालच्या सगळ्या पत्र्यावर मोहरीएवढे थेंब सारखे पसरलेले दिसतात, आणि रेषेच्या वर पत्रा एकदम कोरडा. गळती असेल तर एकाच जागेपासून खाली उतरलेला ओघळ असतो, त्याच्या कडेला गंजाची नारिंगी किनार. तरीही शंका राहिली तर कप्पा फडक्याने पुसून घ्या, संशयाच्या जागेभोवती टिश्यू पेपरच्या पट्ट्या ठेवा आणि सकाळी बघा कोणती पट्टी आधी भिजली. नळाचं पाणीही विसरू नका: रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप मधूनच क्षणभर चालू होत असेल, तर कुठल्या तरी जोडातून पाणी जातंय.

हवा कधी आत घ्यायची, हे अंदाजाने ठरवू नये. दवबिंदू दाखवणारा छोटा आर्द्रतामापक आणि इन्फ्रारेड थर्मामीटर, एवढं पुरतं. थर्मामीटर रंगवलेल्या किंवा गंजलेल्या भागावर रोखा. चकचकीत उघड्या धातूवर तो चुकीचा आकडा देतो. बाहेरचा दवबिंदू पत्र्याच्या तापमानापेक्षा कमी असेल तर हॅच उघडा, दोन्ही टोकांच्या फळ्या काढा, वारा आरपार जाऊ द्या. जास्त असेल तर त्या दिवशी फळ्या जागेवर ठेवा आणि तळात डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) चालवा. तळ गार असल्यामुळे कॉम्प्रेसरवाल्यापेक्षा शोषक पदार्थावर चालणारा बरा, कारण १५ अंशांखाली कॉम्प्रेसरचा जोर कमी पडतो. रात्री हवा गार लागते म्हणजे ती कोरडी असते, असं नाही. स्वयंपाकाची वाफही हिशेबात धरा: एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात आत सुटतं. मात्र हवा रोखायची म्हणून कायमच्या झरोक्यांत बोळे कोंबू नका. ते श्वासासाठी आणि गळलेला गॅस बाहेर जाण्यासाठी असतात, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उन्हाळ्यातही चालू हवा, कारण शेजारच्या बोटीच्या जनरेटरचा धूर उघड्या खिडकीतून आत येतो.

तळ मोकळा करताना एका वेळी एकच कप्पा घ्यावा. कप्पा म्हणजे दोन फ्रेममधली, पत्र्याला आतून आधार देणाऱ्या दोन फासळ्यांमधली, जागा. तिथे बार्ज स्थिर राहावी म्हणून भारासाठी ठेवलेल्या लाद्या उचलायच्या, पण लांब नेऊ नयेत. त्याच बाजूला शेजारच्या कप्प्यावर रचायच्या, नाहीतर बार्ज कलते आणि साचलेलं पाणी भलतीकडे पळतं. २४ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद बार्जवरून टनभर वजन कमी केलं तर ती जेमतेम सेंटिमीटरभर वर येते. वर येणं किरकोळ आहे, कलणं नाही. फ्रेमच्या तळाशी पाणी वाहून जायला भोकं असतात. ती जुना रंग, लाकडाचा भुसा आणि केस यांनी हमखास बुजलेली सापडतात. वाकवलेल्या तारेने साफ करा. एक भोक बुजलं की मागचा अख्खा कप्पा डबकं होतो आणि तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपापर्यंत काहीच पोचत नाही.

काही बार्जच्या तळात जुनं सिमेंट ओतलेलं असतं. त्यावर हातोडीने हलके ठोके मारत जा. आवाज भरीव येत असेल तर त्याला हात लावू नका. पत्र्याला घट्ट चिकटलेलं सिमेंट लोखंडाला सांभाळतं. आवाज पोकळ आला तर खाली पाणी शिरलंय असं समजा.

इथे घाई अंगावर येते. बार्ज पाण्यात असताना पाण्याच्या रेषेखाली छिन्नी, नीडल गन (सुयांच्या ठोक्यांनी गंज उडवणारं यंत्र) किंवा ग्राइंडर चालवायचा नाही, जोवर त्या जागेची जाडी अल्ट्रासोनिक गेजने, म्हणजे ध्वनिलहरींनी जाडी मोजणाऱ्या यंत्राने, मोजलेली नाही. मुळात पाच-सहा मिलिमीटर असलेला पत्रा जागोजाग झिजलेला असतो, आणि विमा कंपन्या साधारणपणे किमान ४ मिलिमीटर मागतात. गंज फुगून मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे जाड पापुद्रा बघून पत्राही जाड असेल असं वाटतं. पापुद्रा निघतो आणि खाली कागद उरतो. पाण्याखाली अर्धा मीटरवर एक सेंटिमीटरचं भोक पडलं तर तासाला सुमारे ५०० लिटर पाणी आत येतं. पंप ते सहज उपसतो, पण तो चालू असेल तरच. म्हणून काम सुरू करण्याआधीच हाताशी मऊ लाकडाच्या पाचरी, रबराचा तुकडा, त्यावर दाबायला फळी आणि फ्रेमला टेकवायला एक दांडा ठेवा.

रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारी ठोकलेली खीळ, पाझरत असेल तर तोंडाला वेल्डिंगचा टाका मारून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं केलं की उष्णतेने पत्र्यांची शिवण ओढली जाते आणि शेजारचे चार रिवेट पाझरू लागतात. ते काम गोदीत, जाणकार माणसाकडूनच. तोवर तिथे खडूने गोल करा आणि तारीख घाला.

सैल गंज हाताच्या स्क्रेपरने काढा. पॉवर ड्रिलवरचा वायर ब्रश गंजाला चकाकी आणतो, पण रंग धरायला खरबरीत पृष्ठभाग लागतो, तो देत नाही. जुन्या थरांत शेंदरी रंगाचा शिशाचा प्रायमर असण्याची दाट शक्यता आहे. तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, बारीक धूळ अडवणारा पी-थ्री मास्क लावा आणि खपल्या पिशवीत गोळा करा. मग गोड्या पाण्याने धुणं आणि वाळवणं. रंग लावण्याचा नियम असा: पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवा आणि आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी. डेकवर हे सहज जमतं. तळात पत्र्याला नदीच गार ठेवते, त्यामुळे पत्रा तापवून उपयोग नाही. कोरड्या हवेचा दिवसच धरावा लागतो. हवा २० अंश, आर्द्रता ५० टक्के असली की दवबिंदू ९ वर येतो, १३ अंशांच्या पत्र्याला ४ अंशांची सवड मिळते. असे दिवस मेमध्ये मोजकेच येतात. ते आले की बाकी सगळं सोडून तळात उतरावं.

दोन भाग कालवून लावायचा इपॉक्सी रंग वापरत असाल तर आधी रिवेटची डोकी, कोपरे आणि वेल्डिंगच्या रेषा ब्रशने भरून घ्या, मग सपाट भागावर रोलर. कडेवरून रंग ओढला जाऊन पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारा भाग, घातल्यावर तो भांड्यात वापरण्याजोगा राहण्याचा वेळ तापमान वाढेल तसा दर १० अंशांना साधारण निम्मा होतो, म्हणून थोडं थोडं कालवा. डांबरावर इपॉक्सी धरत नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळातच बसून राहते: चूल, गॅसचा फ्रिज, पंपाचा आपोआप चालू होणारा स्विच, सगळं बंद. त्या रात्री दुसरीकडे झोपा.

तळ वाळतोय तोवर डेक. उन्हात काळा किंवा गडद हिरवा डेक ५० अंशांच्या वर जातो. पोलाद दर मीटरला, दर अंशाला एक मिलिमीटरचे बारा हजारांश भाग वाढतं. २४ मीटरचा डेक ४० अंशांनी तापला तर त्याला ११ मिलिमीटरहून जास्त वाढायचं असतं, आणि खालचा पाण्यातला तळ त्याला अडवतो. हा ताण खिडक्यांच्या चौकटींत आणि हॅचच्या कोपऱ्यांत उतरतो. म्हणून तिथे कडक पुट्टी भरू नये, लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरावं. दुपारी रंग लावलात तर वरची साय आधी वाळते, आतलं थिनर फोड काढतं. संध्याकाळी उशिरा लावलात तर दव पडून चमक जाते. सकाळी पत्रा पुरता सुकल्यावर सुरू करा, ऊन तिरपं लागतंय तोवर संपवा.

कुंड्या आणि दोराची वेटोळी उचलून बघा. कुंडी जिथे बसते तिथे तपकिरी वर्तुळ असतं, आणि कडेच्या आत रंग नखाने दाबला की पापडासारखा मोडतो. कुंड्या फळीच्या पट्ट्यांवर ठेवा, बोटभर वर. भाराच्या लाद्या तळात परत मांडतानाही तेच करा: खाली प्लास्टिकचे ठोकळे, फ्रेमची भोकं उघडी, आणि प्रत्येक खोलीत किमान एक फळी खिळ्याऐवजी स्क्रूने बसवलेली.