कोजागरी, आश्विनी आणि आमची ज्येष्ठ मंडळी

इंदूरला कोजागरी मराठी घरोघरी होते, पण आमच्या मंडळाची कोजागरी म्हणजे ज्येष्ठांची कोजागरी. आधी हा सत्कार आम्ही १ ऑक्टोबरला ठेवायचो, तो जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन ना, संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरवला आणि १९९१ पासून पाळतात. पण ती तारीख कधी पितृपक्षात यायची, कधी नवरात्रात. पितृपक्षात हारतुरे घ्यायला आमच्या आज्या बिलकुल तयार नसत आणि नवरात्रात घराघरात घट बसलेले, कोण येणार? मग आमच्याच एका वहिनी मीटिंगमध्ये म्हणाल्या, कोजागरीला घ्या की, तशीही त्या दिवशी घरातल्या थोरल्या मुलाची नाहीतर मुलीची आश्विनी करतो आपण, मग जे आता सगळ्यांत थोरले झालेत त्यांना कोण ओवाळतं? मीटिंगमध्ये एकदम सगळे गप्प झाले आणि ठरलंच ते. मंडळाने आजवर घेतलेला हा सगळ्यात चांगला निर्णय, असं मला मनापासून वाटतं.

दीपप्रज्वलन, अहवाल, पाहुण्यांचं स्वागत वगैरे होतंच, त्याचं काय लिहायचं. खरा कार्यक्रम त्याच्यानंतर. ज्यांनी त्या वर्षात सहस्रचंद्रदर्शन केलं त्यांना पुढे खुर्च्या. दरवर्षी कोणीतरी तरुण विचारतोच की हजार चंद्र कसे मोजले, आणि आमचे गणिताचे रिटायर सर उठून सांगतात, ८० वर्षांच्या बारा-बारा धरून ९६० पौर्णिमा, पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो त्याच्या साधारण तीस, आणि राहिलेल्या दहा पुढच्या दहा महिन्यांत, म्हणजे ८१व्या वर्षात हजार पुऱ्या. सर स्वतः केव्हाच हजारापुढे गेलेत, पण सांगताना आवाज अजून वर्गात शिकवतात तसाच खणखणीत.

आणि मग ओवाळल्यावर प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे. माझा जीव याच्यातच अडकलाय. ज्यांनी जन्मात माइक धरला नाही त्यांचं बोलणं ऐकावं. एक आजोबा दरवर्षी क्रिकेटवाल्या सी. के. नायडूंना मैदानावर बघितल्याचं सांगतात, आपल्या इंदूरच्या होळकर संघाने चार वेळा रणजी ट्रॉफी जिंकली त्या दिवसांतलं, आणि सांगता सांगता हातातली काठीच बॅटसारखी धरतात. आम्हाला पाठ आहे तरी टाळ्या मनापासून पडतात.

मागच्या वेळी एका आजींची आश्विनी होती. सात भावंडांत थोरल्या. आई गेल्यापासून त्यांना कोणी ओवाळलंच नव्हतं, त्याच सगळ्यांना ओवाळत आल्या. आम्ही गुपचूप त्यांच्या धाकट्या बहिणीला देवासहून आणलं होतं, त्याही पंच्याहत्तरीच्या पुढच्या. निरांजनाचं तबक त्यांच्या हातात थरथरत होतं, सुपारी घरंगळून मांडीवर पडली, आणि त्या म्हणाल्या, "ताई, वाक गं जरा, कपाळाला हात पोचत नाही." आजी वाकल्या. नंतर माइकवर आल्या आणि आभार नाही, आठवणी नाहीत, फक्त सातही भावंडांची घरातली नावं क्रमाने घेतली, जे गेलेत त्यांचीही, आणि जाऊन बसल्या. मी सूत्रसंचालन करत होते, पुढचं नाव मला वाचताच येईना.

सत्काराबरोबर कामंही होतात हे मुद्दाम सांगते. ८०च्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासून देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबरात, तर आमची कॉलेजची मुलं एका टेबलावर बसून मोबाईलवर चेहरा दाखवून तिथल्या तिथे दाखला करून देतात, बँकेत रांग नाही की रिक्षा नाही. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न कितीही असो आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्याची नोंदणी त्याच टेबलावर. आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, हा नंबर आम्ही मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकाला फोनजवळ चिकटवायला देतो, कारण निम्म्या घरांतली मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला आहेत.

एक दुखणं आहे ते लिहितेच. नवीन टाउनशिपमध्ये राहायला गेलेली आपलीच मंडळी नऊ वाजता येतात, बरोबर दुधाच्या वेळेला. तेव्हा खुर्च्यांवरचे आजी-आजोबा बोलून झालेले असतात. अर्धा तास आधी या ना हो, त्यांना समोर भरलेला हॉल दिसू दे.

आता मदत करणारे. नावं लिहिली की एखादं राहतं आणि मनाला लागतं, म्हणून कामावरून लिहिते, ज्याचं त्याला कळेल. दूध आटवायला दुपारपासून उभे राहणारे दोघं भाऊ, चारोळी-केशर दरवर्षी स्वतःच्या पैशाने आणणारे किराणावाले काका, बिनसाखरेच्या पातेल्यावर चिठ्ठी लावून शेवटपर्यंत तिथेच बसणाऱ्या ताई, पोहे करणाऱ्या तिघी वहिनी आणि वरच्या जीरावण मसाल्याचा आणि शेवेचा खर्च उचलणारे नमकीनवाले भिया (ते मराठी नाहीत पण आमचेच आहेत), ज्यांना जिना चढवत नाही त्यांना खुर्चीसकट उचलून आणणारी आखाड्यातली मुलं, गाड्या घेऊन राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत फिरणारे, रात्री प्रत्येकाला दारात सोडून "पोचले" असा मेसेज टाकणारे, माइकवाला, हारवाले, बीपी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई, हॉल झाडणाऱ्या मावशी आणि त्यांची मुलगी, रांगोळी काढणाऱ्या शाळेतल्या पोरी. आणि हो, वाती वळून देणाऱ्या आजी, त्या स्वतः येऊ शकत नाहीत पण वाती येतात.

पुढच्या कोजागरीसाठी ज्यांच्या घरी कोणाला ८१वं लागतंय त्यांनी गणपतीच्या आत जन्मतारीख कळवा, आणि त्यांची धाकटी भावंडं असतील तर त्यांचे फोन नंबरही द्या, बाहेरगावची असली तर तिकिटं आधी काढावी लागतात. घरी मात्र सांगू नका.