तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या परीच्या हातात कांडी का नाही

प्रत्येक प्रदर्शनात हेच. लोक मूर्ती उचलतात, पंख निरखून बघतात, छान आहे हो म्हणतात आणि लगेच, "पण हिची कांडी कुठेय?" एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी स्टॉलवर माझा आवाज चढणार नाही.

ही इराणची परी आहे. मुळात परी हा शब्दच आपण फारसीतून घेतलाय, इंग्रजी फेअरीशी त्याचं काही नातं नाही. १६व्या शतकातल्या, इराणवर सफवी घराण्याचं राज्य असतानाच्या लघुचित्रांत बघा, लांब रंगीत पंख, पानांसारखा मुकुट, हातात सुरई नाहीतर प्याला. जुन्या कथांत तर ती सुगंधावर जगते, देव म्हणजे तिकडचे राक्षस तिला लोखंडी पिंजऱ्यात कोंडून उंच झाडाला टांगतात आणि तिच्या मैत्रिणी सुगंध घेऊन येतात, तेच तिचं जेवण. म्हणून माझ्या परीच्या हातात अत्तराची कुपी आहे.

आणि हो, मी कांडी लावलेली आहे. एकदा. वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टसाठी बारा नगांची ऑर्डर होती, अट एकच, कांडी हवी. रेझिनवाल्याची उधारी थकली होती, मी हो म्हटलं. मूर्ती आधीच ओतून रंगवून तयार होत्या, त्यामुळे रात्री बसून बारीक करवतीने कुप्या कापायला घेतल्या. पण बोटं कुपीला धरून आहेत ना, कुपी कापली की बोटंही जातात. पहिलीचा तर अख्खा पंजाच निखळला. मग पहाटेपर्यंत एपॉक्सी पुट्टीची बोटं वळत बसले, बारा हात, प्रत्येकात तार, तारेच्या टोकाला चांदणी. डिलिव्हरी दिली, त्या ताई खूश, पूर्ण पैसे लगेच. पोरी तर नाचतच होत्या त्या घेऊन. मी रिक्षात बसून रडले. त्या बारांचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

त्यानंतर स्टॉलवर पाटी लावली होती, "कांडीवाली परी खोटी". आता ती काढलीय. कारण अवेस्तातली, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातली पैरिका, या परीचं मूळ रूप, ती तरी कुठे अशी होती? ती वाईट शक्ती, तुटत्या ताऱ्यांसारखी कोसळणारी, पाऊस आणणाऱ्या तिश्त्र्य ताऱ्याची वैरीण, एकीचं तर नावच दुष्काळी वर्ष. आणि १०१० च्या सुमारास शाहनामा हे फारसी महाकाव्य पूर्ण झालं त्यात सुंदर चेहऱ्याला परीचीच उपमा. म्हणजे तिला इराणी लोकांनीच एवढं बदललं, मग त्या वाढदिवसाच्या पोरींनी कांडी दिली तर मी कोण खोटी म्हणणारी? याला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच नाही.

तरी कुपी मी कापणार नाही, जास्त पैसे दिलेत तरी. कांडी हवीच असेल तर हात पहिल्यापासून वेगळा घडवावा लागेल. दोनदा मातीत करून बघितला, दोन्ही वेळा मोडून टाकला.