तुम्ही विचारलंत म्हणून

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात गणपतीच्या आरतीनंतर शेजारच्या काकूंनी परत विचारलं, "अगं, तू फ्लोरिनच्या रसायनांवर काम करतेस आणि बाटलीला हातही लावत नाहीस. मग कुठलं टिकेल, कुठलं फुटेल, हे संगणकाला कसं कळतं?" त्यांचा मुलगा नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत शिफ्टला जातो. प्रश्न तिथून येतो, मला ठाऊक आहे.

काकू, पावागडावरचं दुधिया तळं तुम्ही पाहिलंय. खाली जायला सगळा उतार मोकळा, तरी पाणी वरच राहतं, कारण काठ. रेणूचंही तसंच. टोग्नी अभिकर्मक म्हणजे दुसऱ्या रेणूंना फ्लोरिनवाला गट जोडून देणारी पूड. तिच्यात ट्रायफ्लोरोमिथाइल गट (एक कार्बन, तीन फ्लोरिन) आयोडीनवर बसलेला असतो. तो शेजारच्या ऑक्सिजनवर गेला तर ऊर्जा कमी होते, असं गणित सांगतं. तरी पूड बाटलीत टिकते, कारण मधला काठ उंच आहे.

तो काठ मोजणं हे माझं काम. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायची. हा पाया घालणाऱ्या वॉल्टर कोन यांना १९९८चं नोबेल मिळालं. मग बंध थोडा थोडा ताणत काठाचा माथा, म्हणजे संक्रमण अवस्था, शोधायची. एका माथ्यामागे कधी कधी आख्खा आठवडा जातो, आणि तो गेलेला मला कधी खटकत नाही. कारण उंचीत ५.७ किलोज्यूल प्रति मोल एवढी चूक झाली, तरी खोलीच्या तापमानाला वेग दहापट चुकतो. वर्षभर टिकेल म्हटलेलं रसायन पाच आठवड्यांत खराब होतं. एवढी चूक चांगल्या पद्धतींतही होते.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मी मोजते एकटा रेणू, बाटलीत असते गर्दी. डॅस्ट हे रेणूंना फ्लोरिन जोडणारं द्रव अभिकर्मक घ्या. ९० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की त्याचे दोन रेणू आपसात फ्लोरिनची देवाणघेवाण करतात, सल्फर टेट्राफ्लोराइड वायू सुटतो आणि मागे उरलेलं जोरात फुटतं. एकट्या रेणूच्या गणितात हे दिसतच नाही. दोन रेणू समोरासमोर ठेवून पुन्हा मोजावं लागतं.

म्हणून माझ्या तक्त्यात नुसतं 'टिकेल' असं नसतं. किती अंशांपर्यंत आणि कशाच्या सोबतीत, तेही लिहिते. आणि काही मिलिग्रॅम नमुना हळूहळू तापवून काढलेला डीएससीचा आलेख, म्हणजे किती अंशांवर किती उष्णता सुटते किंवा शोषली जाते त्याचा आलेख, समोर आल्याशिवाय त्याखाली सही करत नाही.