आवाज नसताना दचकणारं बाळ

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘वय ७ महिने, दचकतो, रूटीन ईईजी’. रूटीन लिहिलेल्या पेशंटला आमच्याकडे अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात हे बाळ उरकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

मी मिरजेत एका खासगी केंद्रात ईईजी काढते. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख घ्यायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं, यंत्र सगळं करतं. पण तारा कुठे लावायच्या हे यंत्राला कळत नाही. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेपने माप घ्यायचं, त्याचे दहा-दहा, वीस-वीस टक्के काढून पेन्सिलीने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवरची त्वचा खरखरीत जेलने घासायची, मग पेस्ट, मग इलेक्ट्रोड, आणि वर बँडेजची टोपी. हे सगळं हातपाय झाडणाऱ्या बाळावर. आदल्या दिवशी शाम्पूने डोकं धुवा, तेल लावू नका, असं बजावून सांगितलं तरी सकाळी टाळू तेलाने थबथबलेली असते. काजळाची तीट कपाळावर नेमकी पुढच्या इलेक्ट्रोडच्या जागी येते. ती पुसली की आयांचा चेहरा उतरतो, म्हणून मी त्यांना लगेच बाळाच्या गालावर दुसरी लावायला सांगते.

त्या सकाळी पहिलं बाळ दोन महिन्यांचं होतं. गावातलंच, शिकलेले आईवडील, चिठ्ठीवर ‘तातडीचे’. वडिलांनी मोबाईलवर कुणाचा तरी फिटचा व्हिडिओ पाहिला होता आणि आपलं बाळही तसंच करतं या भीतीने ते रात्रभर जागे होते. मी टेबलाचा ड्रॉवर जरा जोरात लावला. बाळाने दोन्ही हात बाजूला फेकले, बोटं ताठ पसरली, मग हात मिठी मारल्यासारखे छातीशी आले आणि ते रडलं. आवाज एक, दचकणं एक. १९१८ मध्ये हायडेलबर्गच्या अर्न्स्ट मोरो यांनी ही हालचाल नोंदवली, म्हणून तिला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. उशीच्या दोन्ही बाजूंना हात आपटून ते ती तपासत. मान किंचित खाली गेली तरी ती येते, आणि चार ते सहा महिन्यांपर्यंत आपोआप जाते. या वयाच्या बाळात ती दिसली नाही किंवा एकाच हाताला दिसली, तर डॉक्टर काळजीत पडतात. दुपट्यात गुंडाळलं की बाळ कमी दचकतं, हे आपल्याकडच्या सुईणींना मोरोंच्या आधीपासून माहीत होतं. आलेख स्वच्छ निघाला. डॉक्टरांशी बोलून ते दोघं हसत गेले.

सात महिन्यांचं बाळ जतच्या पलीकडच्या गावातून आलं होतं. बरोबर आई आणि आजी. पहाटेच्या एसटीने निघालेले. आम्ही सांगतो, बाळाला पहाटेपासून जागं ठेवा, दूध तारा लावल्यावरच पाजा, म्हणजे इथे झोपेल. पण एसटीत मूल झोपणारच, त्यात त्या माउलीचा काय दोष? लांबच्या लोकांना सकाळची वेळ देणाऱ्यांनी एकदा तान्हं मूल घेऊन तो प्रवास करून पाहावा. बाळ टक्क जागं होतं. फक्त कुणाकडे बघत नव्हतं. सात महिन्यांचं मूल अनोळखी बाईच्या हातात खुणांची पेन्सिल दिसली तर ती ओढायला येतं. याची नजर माझ्यावरून सरळ पुढे निघून गेली.

आईला मी नेहमीचे प्रश्न विचारले. कधीपासून? साडेचार महिन्यांचा असल्यापासून. कुणाला दाखवलं? दोन ठिकाणी. पोटात कळ येते म्हणून थेंब दिले, मग कॅल्शियम दिलं, लहान मुलं दचकतातच म्हणून सांगितलं. आई थकलेल्या आवाजात उत्तरं देत होती. आजी मध्येच म्हणाल्या, “भ्यायलाय म्हणून मीठ-मोहरी उतरली, ताईत बांधला. पण भ्यायला काय लागतंय बाई, आवाज न्हाई, काय न्हाई. निजून उठला की सुरू. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. आन् आता माझ्याकडं बघून हसत बी न्हाई.”

निदानाला लागणारं सगळं या चार वाक्यांत होतं. कारण नसताना येतं, झोपेतून उठल्यावर येतं, ओळीने येतं, आणि आलेलं हसू गेलंय. दोन डॉक्टरांनी हे ऐकून घेतलं नव्हतं. ओपीडीत गर्दी असते, मला मान्य आहे. पण म्हातारी बाई बोलायला लागली की आईकडे बघून ‘तुम्ही सांगा’ म्हणायची जी सवय आहे, ती मला कधीच पटलेली नाही.

मी नेहमीच्या तारांबरोबर दोन्ही खांद्यांच्या स्नायूंवर जास्तीचे इलेक्ट्रोड लावले आणि कॅमेरा त्याच्या अंगाकडे वळवला. चिठ्ठीत हे मागितलेलं नव्हतं. पण स्नायूचा आलेख नसेल तर झटका आणि नुसतं दचकणं यांतला फरक नंतर बघणाऱ्याला कळत नाही. दुधावर तो अखेर झोपला, आणि पडद्यावर रेघा एकमेकींवर चढायला लागल्या. आम्ही बहुतेक आलेख मिलिमीटरला ७ मायक्रोव्होल्ट या मापावर बघतो; आकडा वाढवला की लाटा बुटक्या दिसतात. इथे मी २० वर नेला तेव्हा कुठे लाटा सुट्या दिसल्या. प्रचंड उंच, कसलीही लय नसलेल्या, मधूनमधून कुठूनही उठणारी टोकं. आलेखातल्या या गोंधळाला हिप्सअॅरिथमिया म्हणतात. तोवर अर्धा तास केव्हाच संपला होता. रिसेप्शनवरून फोन आला, पुढचा पेशंट थांबलाय, आलेख मिळाला असेल तर सोडा. मी सोडलं नाही. वीस मिनिटांत ईईजी उरकणारी केंद्रं मला माहीत आहेत, आणि झोपेचं औषध पाजून मूल उठायच्या आत तारा काढणारीही. ज्या मुलाला झटके उठल्यावर येतात, त्याचं उठणं नोंदवलंच नाही तर त्या कागदाला अर्धाच अर्थ राहतो.

तो उठला. आधी काही नाही. मग मान खाली, दोन्ही हात वर आणि पुढे, गुडघे पोटाशी. सेकंद-दोन सेकंद. सैल पडला. काही सेकंदांनी पुन्हा. आणि पुन्हा. मध्ये रडू. खोलीत कुणी टाचणीसुद्धा पाडली नव्हती. प्रत्येक वेळी पडद्यावर एक मोठी लाट आणि पाठोपाठ सगळ्या रेघा सपाट, खांद्याच्या रेघेवर शंकरपाळ्यासारखा फुगवटा. इन्फंटाइल स्पाझम्स, म्हणजे तान्ह्या बाळांना ओळीने येणारे फिटचे झटके. १८४१ मध्ये विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी स्वतःच्या मुलाचे हेच झटके ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून कळवले होते, कुणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा म्हणून. आज उपाय आहेत, एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, व्हिगाबॅट्रिन हे फिटचं औषध, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकं मुलाच्या पदरात जास्त पडतं. या बाळाचे अडीच महिने थेंबांत आणि कॅल्शियममध्ये गेले होते.

टेक्निशियनने निदान सांगायचं नाही, हा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. अर्धवट ऐकून लोक भलतीकडे जातात. तारा काढताना आईने विचारलं, “ताई, सगळं नॉर्मल आहे ना?” मी म्हटलं, “रिपोर्ट डॉक्टर सांगतील. मी त्यांना आत्ताच फोन लावते. तुम्ही घरी जाऊ नका, इथेच बसा.” ती आजींच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी काहीच बोलले नव्हते आणि तिला सगळं कळलं होतं. नियमाला धक्का न लावता तिला आधार वाटेल असं कोणतं वाक्य आहे, ते मी त्या दिवसापासून शोधते आहे. अजून सापडलेलं नाही.

न्यूरोलॉजिस्ट डॉक्टरांनी व्हिडिओ आणि आलेख लगेच पाहिले आणि त्याच दुपारी बाळाला दाखल करून घेतलं. रक्तदाब, जंतुसंसर्ग, टीबी नाही ना, हे बघून स्टिरॉइड सुरू झालं. दोन आठवड्यांनी पुन्हा ईईजी. तोंड सुजलेलं, चिडचिड, भूक वाढलेली, हे सगळं औषधाने होतंच. पण झटके थांबले होते, आणि आलेखातला तो गोंधळही गेला होता. लय वयाच्या मानाने मंद आहे. ती किती सुधारेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागावर दोन्ही बाजूंना जुने व्रण निघाले. आईने पिशवीतून जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड काढलं. दुसऱ्या दिवशी बाळ सुस्त होतं, दूध ओढत नव्हतं, म्हणून काचेत ठेवलं होतं. कार्डाच्या कोपऱ्यात पेनने शुगर २२ लिहिलेली होती. साखर एवढी उतरली की असेच व्रण राहू शकतात आणि अशा बाळांना पुढे हे झटके येऊ शकतात, हे न्यूरोलॉजीत रोजचं ज्ञान आहे. ते कार्ड लिहिणाऱ्याने घरच्यांना एवढं सांगायला किती वेळ लागला असता? बाळ ओळीने दचकायला लागलं तर थांबू नका, एवढंच.

आता अपॉइंटमेंट देताना मी तेलाच्या सूचनेबरोबर आणखी एक गोष्ट सांगते. बाळ उठताना व्हिडिओ काढा. दुपटं बाजूला करून, दोन्ही हात आणि चेहरा दिसेल असा, एका झटक्यावर न थांबता पुढची दोन-तीन मिनिटं. आणि घरात आजी असेल तर तिला बरोबर आणा. जतच्या बाळाला पुढची तारीख मी दुपारची दिली आहे. रिसेप्शनवर त्यावरून कुरकुर झाली, पण एक तास राखून ठेवायला त्यांनी शेवटी होकार दिला.