पुणे–न्यूयॉर्क: तिकिटावरचे सोळा तास आणि खरे सव्वीस

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून अटलांटिक ओलांडणारं विमान नाही. त्यामुळे पुणेकराचा न्यूयॉर्कचा प्रवास वाकडच्या पुलाखाली, मुंबईच्या कॅबची वाट बघत सुरू होतो. रात्री एक वाजताचं विमान असेल तर दुपारी चारला निघा, असंच मी सांगेन. द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा असला तरी पुणे शहरातून सहारच्या मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनपर्यंत दीडशेच्या आसपास होतात. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास पुरतात. पण रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतणारे मुंबईकर आणि पावसाळ्यात बोरघाट यांचा भरवसा नाही. चेक-इनचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, आणि घाटात अडकलो होतो ही सबब तिथे चालत नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५४० किमी. भिंतीवरचा नकाशा बघून विमान सरळ पश्चिमेला जाईल असं वाटतं, पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा: तो वायव्येला चढत ६५ अंश उत्तरेच्या जवळ पोचतो आणि मग खाली उतरतो. ताशी ९०० किमीने हिशेब केला तर चौदा तास येतात. वेळापत्रकात मात्र जाताना पंधरा-सोळा आणि येताना चौदाच्या आसपास दिसतात.

हा फरक वाऱ्याचा. उंचावरचा जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या रेट्यावर एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या ५,५४० किमीला साडेसहा-सात तास लागतात, आणि उलट दिशेला आठ. म्हणूनच उत्तर अटलांटिकवरचे मार्ग रोज वारा बघून नव्याने आखतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे वेगळे, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांचे वेगळे.

वेळ लांबण्याचं दुसरं कारण बंद आकाश. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या पश्चिमेकडच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. वळसा वाढला की इंधन वाढतं, आणि कधी मध्येच इंधनासाठी उतरावं लागतं. म्हणून जुन्या ब्लॉगमधली वेळ धरून पुढचं तिकीट काढू नका.

आता घड्याळ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. रात्री एकला निघून सोळा तासांनी उतरलात तर तिथे त्याच तारखेच्या सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. दुपारी चारला निघाल्यापासून हे पंचवीस तास झाले; विमानतळाबाहेर पडेपर्यंत सव्वीस. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी मार्चकडे लक्ष ठेवावं: अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधल्या दिवसांत दोघांतलं अंतर पाचऐवजी चार तासांचं असतं.

पुढे डॅलस किंवा शिकागो असेल तर बॅगा न्यूयॉर्कलाच घेऊन, कस्टम्समधून काढून पुन्हा द्याव्या लागतात, टॅग शेवटच्या शहराचा असला तरी. इमिग्रेशनची रांग धरून मध्ये तीन तास ठेवा. दीड तासाचं स्वस्त कनेक्शन मला तरी महागच वाटतं.

परतीला मुंबईहून पुण्याची कॅब विमान उतरण्याच्या वेळेनंतर दीड तासाची सांगा. आधीची सांगितली तर वेटिंगचे पैसे पडतात.