बाबांचा मोतीबिंदू आणि माणूस कसा वाढावा

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले थोडे दिवस वाचन बेतानं करा. आता आमचे बाबा म्हणजे पेपरातल्या टेंडर नोटिसासुद्धा वाचणारा माणूस, त्यांना बेतानं म्हणजे काय ते कळतच नाही. दुसऱ्याच दिवशी हिरवा चष्मा लावून खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'नवल'चे जुने दिवाळी अंक काढ आणि वाचून दाखव. ते अंक कधीच रद्दीत गेलेत (कोणी घातले यावर घरात अजून एकमत नाही). मग म्हणाले, "तसलंच काहीतरी शोध गं, शेवटच्या ओळीत कानाखाली बसणारं."

माझ्याकडे तसलं होतं, पण इंग्रजीत. 1940-50 च्या दशकातल्या अमेरिकन विज्ञानकथा, छोट्या छोट्या, वरून हसऱ्या आणि आतून भयंकर. बाबांना इंग्रजी येतं पण ऐकायला लागलं की पाच मिनिटांत घोरतात. म्हणून ठरवलं की रोज रात्री एक गोष्ट मराठीत करायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचायची, फक्त घरात हां, छापायचा विचारही नाही, कारण लेखक गेल्यावर आपल्याकडे 60 वर्षं हक्क राहतात आणि हे लोक काही तेवढे जुने नाहीत.

पहिली घेतली फ्रेडरिक ब्राऊनची 'आन्सर', 1954 सालची. एकच पान. विश्वातल्या 96 अब्ज ग्रहांवरचे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडतात, शेवटच्या जोडाला समारंभानं सोन्याचा डाख देतात आणि यंत्राला पहिला प्रश्न विचारतात, देव आहे का? उत्तरातली सगळी गंमत 'आता' या एका शब्दात आहे. मी आधी लिहिलं होतं "होय, आता देव अस्तित्वात आहे" म्हणजे अगदी सरकारी पत्र. रात्री बारा वाजता खोडून लिहिलं, "आहे. आता आहे." बाबा ऐकून नुसते "हं" म्हणाले आणि मग दहा मिनिटांनी स्वतःशीच हसले. हा ब्राऊन मिलवॉकीच्या एका पेपरात प्रूफरीडर होता, ते त्याच्या लिहिण्यात दिसतं, एक शब्द फालतू नाही. आणि मराठीत मात्र माझी गोष्ट दर वेळी फुगायची.

दुसरी त्याचीच 'सेंट्री', तीही 1954 चीच, गॅलक्सी मासिकातली. यात फसले. घरापासून पन्नास हजार प्रकाशवर्षं लांब चिखलात एक सैनिक पहाऱ्यावर उभा आहे, भिजलेला, उपाशी, समोरून शत्रू येतोय, आपण सैनिकाच्या बाजूनं वाचत जातो आणि शेवटच्या वाक्यात कळतं की ज्या किळसवाण्या प्राण्याला त्यानं मारलं तो माणूस होता, दोनच हात, दोनच पाय, अंगावर खवलंसुद्धा नाहीत. मी सोपी समजून तासाभरात संपवली आणि आई मेथी निवडत होती तिला वाचून दाखवली. आई शेवटी म्हणाली, "ते ठीक आहे, पण मघाशी त्याचे हातपाय गारठले म्हणालीस ना, मग याला किती हात?"

मूळ गोष्टीत बघितलं तर तिथे नुसतं थंडी वाजतेय एवढंच. हातपाय मी घातलेले. मग लाल पेन घेऊन बसले आणि काय सांगू, माझ्या पानावर सैनिकाच्या पोटात गोळा आला होता, छातीत धस्स झालं होतं, अंगावर काटा आला होता (खवल्यांवर काटा कुठून येणार!), एका ठिकाणी तर तो कपाळाला हात लावत होता. आपल्या भाषेत भीती, राग, कंटाळा सगळं शरीरातूनच जातं आणि ते शरीर माणसाचं असतं, हे मला आजवर जाणवलंच नव्हतं. सगळे अवयव एकेक करून काढले. उरलं ते कोरडं वाटलं, पण या गोष्टीला कोरडंच बरं. बाबांना शेवट आधी ओळखता आला नाही, त्यामुळे जरा चिडले.

त्याच्याच 'नॉक'मध्ये पृथ्वीवरचा शेवटचा माणूस खोलीत बसलाय आणि दार वाजतं, तिथे अडले नाही, कारण माणूस म्हणजे कुणीही आणि माणूस म्हणजे बाप्या हे दोन्ही आपल्याकडे चालतं आणि "दार वाजलं" म्हटलं की वाजवणारा की वाजवणारी हे सांगावंच लागत नाही.

खरा घाम काढला तो डेमन नाईटच्या 'टू सर्व्ह मॅन'नं. गॅलक्सी, नोव्हेंबर 1950. डुकरासारखे दिसणारे परग्रहवासी येतात, फुकट वीज देतात, अन्नधान्य देतात, युद्धं बंद पाडतात, संयुक्त राष्ट्रांत लाय डिटेक्टरवरही पास होतात. त्यांचं एक पुस्तक हाती लागतं, त्याचं नुसतं नावच आधी उलगडतं आणि ते वाचून सगळे निर्धास्त होतात. शेवटी कळतं ते पाककृतींचं पुस्तक आहे. इंग्रजीत सर्व्ह म्हणजे सेवा करणं आणि ताटात घालणंही. सगळी गोष्ट त्या एका शब्दाच्या खुंटीला टांगलेली, आणि ती खुंटी मराठीत नाही.

मोबाइलवर भाषांतर करून बघितलं तर नुसतीच सेवा आली. 'मानवसेवा' म्हटलं की ट्रस्टचा बोर्ड डोळ्यासमोर येतो, जेवण नाही. मग सुचलं 'मानवसेवन', स्वतःवर जाम खूश झाले, पण सकाळी वाचलं तर काढ्याच्या बाटलीवरची सूचना, आणि तो 'न' पहिल्या पानावरच सगळं फोडतो. तीन रात्री यात गेल्या. बाबांना काहीतरी थापा मारून जुन्या गोष्टी परत ऐकवल्या.

चौथ्या रात्री जेवायला बसलो होतो, मी ताटाकडे बघत तंद्रीत, आणि आई ओरडली, "बघत काय बसलीस, बाबांना भात वाढ!"

वाढ. मूल वाढतं आणि भातही वाढतात. "मुलगा कसा वाढावा" आणि "भात कसा वाढावा", एका अक्षराचाही फरक नाही. पुस्तकाचं नाव, 'माणूस कसा वाढावा'. भाताचं पातेलं तसंच ठेवून वही आणायला पळाले, बाबांनी हातानंच वाढून घेतलं.

त्या रात्री बसून गोष्टीत आधीपासून पेरणी केली. पीक वाढलं, वीज वाढली, लोकांचा विश्वास वाढला, म्हणजे कानाला तोच अर्थ बसेल. जेवणाच्या संदर्भात तो शब्द कुठेही येऊ दिला नाही. आणि वाचताना काय व्हावं, ऐन मध्यावर जीभ घसरली, "माणूस कसा वाढवावा". बाबांनी लगेच हटकलं, आयुष्यभर फायली तपासल्यात, "वाढावा की वाढवावा? एकदा नक्की ठरव." मला वाटलं फुटलं सगळं. "वाढावा" म्हणून घाईनं पुढे गेले.

शेवट वाचला. बाबा हिरव्या चष्म्यातून बघत राहिले. "म्हणजे... ताटात?" मग एकदम मोठ्यानं हसले, आणि मग नेहमीप्रमाणे चूक काढली, "पण त्या डुकरांच्या भाषेत हाच श्लेष कसा काय?" मी म्हटलं बाबा, इंग्रजीत वाचणाऱ्यालाही हाच प्रश्न पडायला हवा, लेखकानं तो विचारायला वेळच दिला नाही. "हुशार आहे," म्हणाले. लेखक की मी ते विचारलं नाही.

नवाचे ड्रॉप घेऊन आले तर फोनवर त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राशी बोलत होते. "अरे झकास गोष्ट आहे, मुलीनं मराठीत केलीय, ऐक. शेवटी ते स्वयंपाकाचं पुस्तक निघतं. हां, तर आता सुरुवातीपासून सांगतो..."