भाचीचं अॅडमिशन आणि दोन कायद्यांची दोन विद्यापीठं

परवा ताई, भाची आणि मी एका खासगी विद्यापीठात इंजिनिअरिंगची चौकशी करायला गेलो, कॅम्पस खरंच भारी, लॅब बघून पोरगी हरखली एकदम. ताईनं काउंटरवर विचारलं, "मुलींना फी माफ आहे न्हवं?" तर समोरनं उत्तर आलं, "ते आमच्याकडं लागू नाही मॅडम." ताईचा चेहरा बघवेना.

घरी येऊन 8 जुलै 2024 चा जीआर वाचला. वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं, अॅडमिशन झालं की शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क 100 टक्के माफ, पण अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे खासगी) विद्यापीठं वगळून. म्हणजे शिवाजी विद्यापीठाला संलग्न असलेल्या विनाअनुदानित कॉलेजात माफी मिळते, आणि तसंच कॉलेज उद्या खासगी विद्यापीठ झालं की नवीन पोरींची माफी गेली. राजर्षी शाहूंच्या नावाची फी सवलत योजना आहे त्यातही हेच. ज्या महाराजांनी 1917 ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला त्यांच्या कोल्हापुरात हे बघून लई वाईट वाटतं.

खासगी विद्यापीठं नकोत असं मी म्हणत नाही. चांगलं शिकवणारी आहेत. पण दोघांनाही पदवी द्यायचा अधिकार यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 1956 च्या कायद्यातनंच मिळतो ना, मग हिशोब मागायची सोय एकीकडंच का? शिवाजी विद्यापीठाला 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा, त्यात अधिसभा म्हणजे सिनेट, त्यात नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या 10 जागा, मी स्वतः मतदार आहे, बजेटवर तिथं प्रश्न विचारता येतात. खासगीला कायदा वेगळा, तिथं असली अधिसभाच नाही, नियामक मंडळ असतं आणि त्यात वजन विद्यापीठ काढणाऱ्या संस्थेचंच.

आणि सरकारी विद्यापीठांवर एवढे नियम लावायचे, पण प्राध्यापकांच्या जागा भरायला मंजुरी द्यायची नाही वेळेत, हा पण अन्यायच आहे, तिथं शिकणारी पोरं गावाकडची, एसटीच्या पासवर येणारी.

माझं मागणं एवढंच, कुठली शिष्यवृत्ती लागू आहे आणि कुठली नाही हे प्रॉस्पेक्टसच्या पहिल्या पानावर मराठीत छापायची सक्ती सरकारनं करावी, आणि माफी पोरीच्या घरची परिस्थिती बघून द्यावी, कॉलेजच्या पाटीवरनं नाही.

भाचीनं काल रात्री कॅपचा ऑप्शन फॉर्म भरला. ते विद्यापीठ यादीत घातलं नाही तिनं, ती लॅब मात्र अजून तिच्या मोबाईलच्या फोटोत आहे.